वाचनालयाचं जुनं दफ्तर स्कॅन करताना: उभी रेघ, दोन पानं एकदम, न सापडणारा स्कॅनर

दौतटाक | ६ जुलै, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, मी तिथे कार्यकारिणीवर आहे. गेल्या पावसाळ्यात कौलं सरकून एका कपाटात पाणी गेलं आणि दाखल नोंदवहीचे दोन खंड लगदा झाले. कोणी कुठलं पुस्तक कधी देणगी म्हणून दिलं, याच्या साठच्या दशकातल्या नोंदी त्यात होत्या. त्या आता दुसरीकडे कुठेच नाहीत. तेव्हापासून मनाला चैन नाही. उरलेलं सगळं यंदा स्कॅन करून ठेवायचंच, असं ठरवलं आहे.

सामान असं: शिवलेल्या फुलस्केप नोंदवह्या नऊ, इतिवृत्ताच्या वह्या चार, गावातल्या मुलांनी काढलेले हस्तलिखित अंक तीन, आणि सुटे कागद अडीच-तीन हजार. सुट्यांत पत्रव्यवहार आहे, अनुदानाची पत्रं आहेत, पावत्या आहेत.

यंत्रं दोन. एका मुंबईकर सभासदानं त्यांच्या ऑफिसातला वापरलेला स्कॅनर भेट दिला. वरून कागदांचा गठ्ठा ठेवायचा, तो एकेक ओढतो आणि दोन्ही बाजू स्कॅन करतो. दुसरा साधा काचेचा फ्लॅटबेड, बराच जुना.

रविवारी बसलो, दिवसभरात जेमतेम साठ पानं झाली. प्रत्येक पानावर उजवीकडे वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ येते. कागद दोन-दोन एकदम आत जातात. जुन्या पावत्या घातल्या की दोन कागद गेल्याची सूचना येते, आणि कागद एकच असतो. लॅपटॉपला स्कॅनर कधी दिसतो, कधी नाही. पातळ कागदाच्या मागची शाई पुढे दिसते. फ्लॅटबेड सुरू केला की कर्रकर्र आवाज करून थांबतो.

कुठून सुरुवात करू?

गिरमिट | ६ जुलै, रात्री १०:०२

दौतटाक, रेघेपासून सुरू करू, ती सगळ्यात लवकर सुटते. मी पुण्यात प्रिंटर-स्कॅनर दुरुस्ती करतो. 'स्कॅनर बिघडला' म्हणून येणाऱ्या यंत्रांमध्ये ही तक्रार नेहमीची.

फ्लॅटबेडमध्ये कागद स्थिर असतो आणि दिवा सरकतो. म्हणून काचेवर कण असेल तर चित्रात एक ठिपका येतो. तुमच्या ओढणाऱ्या यंत्रात उलटं आहे. डोळा एका जागी, कागद त्याच्यासमोरून जातो. डोळ्यावरच्या काचेच्या अरुंद पट्टीवर मोहरीएवढाही कण चिकटला, तर पानाचा प्रत्येक भाग त्याच कणाखालून जातो आणि ठिपक्याची रेघ होते. म्हणजे ठिपका दिसला तर मोठी काच पुसायची, रेघ दिसली तर पट्टी.

खात्री करायची असेल तर तेच पान न पलटता, वरची कड खाली येईल असं फिरवून पुन्हा घाला. रेघ चित्रात त्याच जागी राहिली तर दोष यंत्रात, अक्षरांबरोबर फिरली तर कागदावर.

दोन्ही बाजू वाचणाऱ्या यंत्रात पट्ट्या दोन असतात, एक खाली आणि एक वरच्या झाकणात. बहुतेक लोक खालची पुसतात आणि वरची विसरतात. वायर काढा, झाकण उघडा, चष्म्याच्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब घ्या आणि पट्टी टोकापासून टोकापर्यंत पुसा. थेट काचेवर फवारू नका, द्रव कडेनं आत जातो. नंतर बोटाचं टोक पट्टीवरून हळू फिरवा. डोळ्यांना न दिसणारा व्हाइटनरचा किंवा गोंदाचा कण बोटाला लागतो. लागलाच तर अल्कोहोलनं दोन मिनिटं भिजू द्या आणि जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेनं खरवडा. ब्लेड नको.

फ्लॅटबेड पालथा करून पाहा. जुन्या बऱ्याच मॉडेलांना वाहतुकीत आतला गाडा हलू नये म्हणून खाली किंवा बाजूला कुलपाचं चिन्ह असलेलं बटण असतं. ते बंद असेल तर गाडा जागेवर अडतो आणि मोटर कर्रकर्र करते.

दौतटाक | ७ जुलै, सकाळी ८:२५

गिरमिट, कुलूपच होतं! गेली तीन वर्षं तो स्कॅनर बिघडलेला समजून कपाटावर पडून होता.

रेघही गेली. वरच्या पट्टीवर खरोखरच व्हाइटनरचा कण होता, बोटाला लागला. खाली पुसून मी काल दोनदा वैतागलो होतो.

सांजवात | ७ जुलै, दुपारी २:४०

मी कुडाळकडे आपले सरकार सेवा केंद्र चालवते. दिवसभर उत्पन्नाचे दाखले, सातबारे, रेशनकार्डं स्कॅन करायची असतात, म्हणून दोन पानं एकदम जाण्याचं दुखणं मला पाठ आहे.

जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या खाली येत नाही. कागद दमट होतात आणि एकमेकांना धरून बसतात. मी गठ्ठा घालण्याआधी पत्ते पिसतो तसा दोन्ही बाजूंनी पिसून घेते, मग टेबलावर ठोकून कडा एक करते. एका वेळी पंधरा-वीसच कागद. यंत्र पन्नास घेतं म्हणून पन्नास घालायचे नाहीत. बाजूचे सरकते आधार कागदाला टेकतील इतपत आत घ्या, नाहीतर पान तिरकं जातं. दुमडलेले कोपरे आधी सरळ करा आणि प्रत्येक गठ्ठ्यावरून हात फिरवून स्टेपलच्या पिना शोधा. माझ्या पहिल्या यंत्राच्या काचेवर एका पिनेनं कायमचा ओरखडा पाडला. ती रेघ पुसून जाणारी नव्हती, भागच बदलावा लागला.

पावत्यांचं सांगते. त्यांवर रेव्हेन्यू तिकीट चिकटवलेलं असेल ना? ही यंत्रं कागदातून ध्वनिलहरी सोडून दोन कागद ओळखतात. दोन कागदांमध्ये हवेचा थर असला की लहर क्षीण होते. चिकटवलेलं तिकीट किंवा अर्जावरचा फोटो तेच करतो, म्हणून एका कागदाला यंत्र दोन समजतं. सेटिंगमध्ये ही तपासणी बंद करता येते, पण फक्त त्या पावत्यांपुरती. नंतर आठवणीनं चालू करा.

गिरमिट | ७ जुलै, सायंकाळी ७:१५

सांजवातताईंनी बरोबर सांगितलं. त्यात रबराची भर घालतो. कोऱ्या, कोरड्या कागदाचे वीस ताव घालून बघा. तेही जोडीनं जात असतील तर दोष हवेचा नाही. एक रोलर कागद ओढतो, त्याच्यासमोरचं सेपरेशन पॅड किंवा उलटा रोलर दुसऱ्या कागदाला मागे धरतो. हे मागे धरणारं रबर गुळगुळीत झालं की दोन-तीन कागद एकदम सुटतात. ओढणारं रबर झिजलं तर कागद आतच जात नाही, रोलर नुसता फिरतो. लक्षणं वेगळी, म्हणून दोन्ही भाग डोळे मिटून बदलायची गरज नसते.

आधी साफ करा. पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं कापड घ्या आणि रोलर हातानं फिरवत पूर्ण घेर पुसा. अल्कोहोल चालतं की नाही ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा, सगळ्या रबरांना मानवत नाही. थिनर आणि पेट्रोल कधीच नको. रबरावर सँडपेपर घासायचा सल्ला काही जण देतात. चार दिवस पकड येते, मग रोलर लंबगोल होतो आणि पान वाकडं ओढतो. मला तो उपाय मान्य नाही.

नवा भाग बसवला तर सॉफ्टवेअरमधला रोलरचा मोजणी-आकडा शून्य करा, नाहीतर भाग बदलण्याची सूचना येतच राहील. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात विचारून बघा. नेताना मॉडेल क्रमांकाच्या लेबलचा फोटो न्या.

जुनाकागद | ७ जुलै, रात्री ११:३०

दौतटाक, जरा थांबा. सुटे कागद तुम्ही सरसकट ओढणाऱ्या यंत्रात घालताय का?

मी अभिलेखागारात नोकरी केली. तुमचे दोन खंड गेले हे वाचून वाईट वाटलं, म्हणून स्पष्ट लिहितो. ओढणारं यंत्र कागद वळवतं, चिमटीत धरतं. पिवळा पडलेला, घडीवर चिरलेला, कोपरा वाकवला की तुटणारा कागद त्यात फाटणार. आणि त्या कागदाची दुसरी प्रत नाही. सुट्यांचे आधी तीन ढीग करा. धडधाकट कागद यंत्रात. नाजूक कागद फ्लॅटबेडवर. टायपाचे पातळ कागद आणि कार्बन कॉप्याही फ्लॅटबेडवरच. जुन्या टाचण्या गंजून कागदाला चिकटलेल्या असतात, त्या ओढू नका. कागद पालथा करून दोन्ही बाजूंनी अलगद सोडवा.

मागची शाई पुढे दिसते त्याला साधा उपाय आहे. फ्लॅटबेडच्या झाकणाची आतली बाजू पांढरी असते. कागदातून गेलेला उजेड तिच्यावरून परत येतो आणि मागची अक्षरं उजळून दाखवतो. कागदाच्या पाठीवर काळा कार्डशीट ठेवा. पान थोडं करडं दिसेल, पण मागची अक्षरं मागे राहतील. करडेपणा नंतर संगणकावर कमी करता येतो.

दमट कागद उन्हात वाळत घालू नका, इस्त्री तर नकोच. दौतीची जुनी निळी शाई उन्हानं उडते आणि ओल्या बोटानंही पसरते. बंद खोलीत पंखा मंद ठेवून कागद सुटे पसरा.

मुक्काम_पोस्ट | ८ जुलै, सकाळी ७:५०

इतका खटाटोप कशाला? मोबाइलवर स्कॅन करायची अॅप आहेत. मी आजोबांची सगळी कागदपत्रं तशीच केली, एका दुपारी.

जुनाकागद | ८ जुलै, सकाळी १०:२०

मुक्काम_पोस्ट, मोबाइलला माझा विरोध नाही. उलट शिवलेल्या फुलस्केप वह्यांसाठी तोच बरा पडेल. ए४ फ्लॅटबेडची काच साधारण ११.७ इंच लांब असते, फुलस्केप पान १३ इंचांच्या आसपास, त्यामुळे पान दोन तुकड्यांत घ्यावं लागतं. शिवाय हल्लीच्या बारीक उंचीच्या फ्लॅटबेडमध्ये जो सेन्सर असतो तो काचेला अगदी टेकलेलाच कागद स्पष्ट बघतो. शिवणीजवळ पान काचेपासून वर उठतं आणि तिथली अक्षरं धूसर, काळपट येतात. दौतटाकांचा जुना, जाड, आरशा-भिंगांचा स्कॅनर असेल तर त्यात हा त्रास कमी होईल.

पण वही दाबून सपाट करण्याच्या नादात शिवण उसवते. त्यापेक्षा मोबाइल स्टँडला वर आडवा बसवा, वही उशीवर अर्धवट उघडी ठेवा आणि दोन्ही बाजूंना सारखे दिवे तिरपे लावा. हातात धरून फोटो काढू नका. आणि अॅप पान आपोआप 'सुधारतं' ते बंद करा. फिकट पेन्सिलीतल्या नोंदी ते डाग समजून पुसून टाकतं. आजोबांच्या कागदांत तसं काही गेलं नाही ना, ते एकदा मूळ कागद समोर ठेवून बघा.

मुक्काम_पोस्ट | ८ जुलै, दुपारी १:०५

बघितलं. एका खरेदीखताच्या समासात पेन्सिलीनं लिहिलेला गट क्रमांक चित्रात नाहीच. मूळ कागद आहेत म्हणून बरं. पुन्हा करतो.

पेंग्विन_पुणेकर | ८ जुलै, रात्री ९:३५

लॅपटॉपला स्कॅनर न दिसण्याचं कोणी घेतलं नाही, मी घेतो.

आधी केबल. स्कॅनर यूएसबी हबमधून जोडला असेल तर थेट लॅपटॉपला जोडा, दुसऱ्या खाचेत घालून बघा, दुसरी केबल वापरा. 'कधी दिसतो, कधी नाही' या तक्रारीत मी सगळ्यात आधी केबलवर संशय घेतो. विंडोज असेल तर सर्व्हिसेसच्या यादीत 'विंडोज इमेज अॅक्विझिशन' ही सेवा चालू आहे का ते बघा, थांबली असेल तर पुन्हा सुरू करा.

दुसरी भानगड ३२ आणि ६४ बिटांची. जुन्या स्कॅनरचा ट्वेन ड्रायव्हर (प्रोग्रॅमला स्कॅनरशी बोलू देणारा दुवा) ३२ बिटांचा असतो आणि ६४ बिटांच्या प्रोग्रॅमला तो दिसतच नाही. अशा वेळी एका प्रोग्रॅममध्ये स्कॅनर चालतो, दुसऱ्यात चालत नाही, आणि माणूस यंत्राला दोष देतो. कंपनीनं नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर दिलाच नसेल तर व्ह्यूस्कॅन हा विकतचा प्रोग्रॅम बऱ्याच जुन्या स्कॅनरांना चालवतो. किंवा एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स टाका. तिथे सेन नावाची मोफत व्यवस्था आहे. तुमचं मॉडेल तिच्या यादीत आहे का ते आधी बघा, सगळीच नसतात.

सांजवात | ९ जुलै, सकाळी ११:१५

पेंग्विन, या धाग्यावरच विचारते, चालेल ना? आमच्या मोठ्या झेरॉक्स मशीनवरून स्कॅन थेट संगणकाच्या फोल्डरमध्ये जायचा. नवा संगणक घेतल्यापासून जात नाही. जीमेलवर पाठवणंही बंद पडलंय. पासवर्ड बरोबर आहे.

पेंग्विन_पुणेकर | ९ जुलै, रात्री ८:५०

ताई, यंत्र ठीक आहे, नियम बदललेत. जुनी मशीनं फोल्डरमध्ये फाइल टाकायला एसएमबीची (विंडोजच्या नेटवर्कवर फाइली पाठवायच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती वापरतात. ती असुरक्षित असल्यानं विंडोज १० च्या २०१७ च्या शेवटच्या आवृत्तीपासून मुळात बसवलेली नसते. ती चालू करायला सांगणारे भेटतील, पण लोकांचे दाखले असलेल्या संगणकावर ती उघडी ठेवू नका. मशीनला नवं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, आहे का ते विचारा. नसेल तर पेनड्राइव्हवर स्कॅन करून उचला.

जीमेलचं असं, की ३० मे २०२२ पासून गूगलनं नुसत्या पासवर्डवर चालणारी जोडणी बंद केली. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, मग 'अॅप पासवर्ड' म्हणून १६ अक्षरं मिळतात. मशीनमध्ये नेहमीच्या पासवर्डऐवजी ती घाला.

दौतटाक | १० जुलै, रात्री ९:४०

केबलच होती. घरातल्या प्रिंटरची लावली, दोन दिवस एकदाही तुटलं नाही. रोलर पुसल्यावर कोरे ताव एकेक जातात, म्हणजे रबर ठीक आहे, दमटपणाच होता.

आता सेटिंगचा प्रश्न. जागा वाचावी म्हणून मी काळं-पांढरं, २०० डीपीआय (दर इंचाला २०० ठिपके) आणि सगळ्यात जास्त दाबलेली पीडीएफ ठेवली आहे. पुढे-मागे शोधता येईल असा मजकूरही हवा आहे. बरोबर आहे का?

जुनाकागद | १० जुलै, रात्री १०:५५

नाही. हे ताबडतोब बदला.

काळं-पांढरं म्हणजे प्रत्येक ठिपका एक तर शाई, नाहीतर कागद. मधलं काही नाही. फिकट झालेली शाई, शिक्क्याचा जांभळा रंग, तांबड्या शाईतली दुरुस्ती, सगळं एक तर नाहीसं होतं किंवा काळ्यात मिसळतं. तांबड्या शाईनं खोडलेली नोंद आणि काळ्या शाईतली मूळ नोंद यांत फरकच उरणार नाही. नोंदवह्या रंगीत घ्या, ३०० डीपीआयवर.

जागेचा हिशोब सांगतो. ए४ पान ३०० डीपीआयवर २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचं होतं, रंगीत आणि न दाबलेलं असेल तर सुमारे २६ एमबी. हजार पानांचे २६ जीबी. ६०० डीपीआय केलंत तर चौपट. साध्या अक्षरांना त्याची गरज नाही, ते हस्तलिखित अंकांतल्या चित्रांपुरतं ठेवा. मूळ संच टिफमध्ये (तपशील न गमावता चित्र साठवणाऱ्या फाइलींत) जपा आणि लोकांना वाचायला त्यावरून हलकी पीडीएफ वेगळी करा.

जास्त दाबण्याचा धोका फक्त धूसरपणाचा नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानं दाखवून दिलं की झेरॉक्स वर्कसेंटरच्या काही मॉडेलांवर स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशात खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडेच बदलत होते. वेगवेगळ्या मापांच्या तीन खोल्यांवर स्कॅनमध्ये एकच आकडा, १४.१३, आला होता. कारण जेबिग२ नावाची दाबण्याची पद्धत. पानावर एकसारखे दिसणारे अक्षरांचे तुकडे ती एकदाच साठवते आणि सगळीकडे तेच वापरते. ६ आणि ८ तिला सारखे वाटले की ६ च्या जागी ८ बसतो, तोही स्वच्छ, ठसठशीत. धूसर आकडा वाचणाऱ्याला शंका तरी येते. हा आकडा शंकाही येऊ देत नाही. कंपनीनं नंतर दुरुस्ती दिली, पण जिथे रकमा आणि क्रमांक आहेत तिथे मी ही पद्धत वापरू देत नाही. देवनागरीत १ आणि ९, ४ आणि ५ घाईच्या हस्ताक्षरात किती जवळ जातात ते तुमच्या नोंदवहीत बघाच.

पेंग्विन_पुणेकर | ११ जुलै, सकाळी ८:१०

शोधता येणाऱ्या मजकुराबद्दल. टेसरॅक्ट हा मोफत ओसीआर प्रोग्रॅम, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा, मराठी वाचतो. भाषा निवडताना मराठीच निवडा, हिंदीवर ठेवलं तर 'ळ' असलेले शब्द जास्त बिघडलेले मी पाहिलेत. छापील पत्रं आणि टाइप केलेले अहवाल ३०० डीपीआयवर बऱ्यापैकी निघतील. २०० वर अनुस्वार आणि रफार गळतात: 'वर्ग' चा 'वग' होतो आणि मग शोधून सापडत नाही. पान आधी सरळ करा, तिरकं असेल तर शिरोरेषा तुटक वाचली जाते.

हाताच्या अक्षरांसाठी मात्र त्यावर विसंबू नका. नोंदवह्यांसाठी एक तक्ता करा: वही क्रमांक, पान क्रमांक, पहिली नोंद, शेवटची नोंद. गावातली दहावी-बारावीची मुलं ते आनंदानं करतील.

दौतटाक | १४ जुलै, रात्री १०:३०

रविवारचा वृत्तांत. आठ तासांत ३१० सुटी पानं झाली, सगळी रंगीत, ३०० वर. नाजूक ढिगात १४० निघाली. ती फ्लॅटबेडवर काळ्या कार्डशीटसह चालू आहेत, मागची शाई जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. आधी काळी-पांढरी केलेली साठ पानं काढून टाकली.

तक्त्याचं काम दोन मुलींनी घेतलं. त्यांनी पहिल्याच गठ्ठ्यात चूक पकडली: अनुदानाच्या पत्रव्यवहारात जावक क्रमांक ४१ नंतर थेट ४३. मूळ गठ्ठ्यात ४२ होतं, ४१ च्या पाठीला चिकटून आत गेलेलं. पावत्यांनंतर ध्वनिलहरींची तपासणी चालू करायची मी विसरलो होतो. सांजवातताईंनी सांगूनही. आता एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो स्कॅनरच्या झाकणावर चिकटवला आहे, आणि प्रत्येक गठ्ठ्याची पानं आधी हातानं मोजून, त्यावर आकडा लिहूनच घालतो.

ते ४२ क्रमांकाचं पत्र वाचलं. गेलेल्या दोन खंडांपैकी एकातल्या देणगी-पुस्तकांची यादी अनुदानासाठी जिल्ह्याला पाठवली होती, तिची कार्बन प्रत त्याला जोडलेली आहे. पाच पानं, फिकट जांभळी, ११८ पुस्तकं, देणाऱ्यांच्या नावांसह.

जुनाकागद, कार्बन प्रतीचा जांभळा रंग फ्लॅटबेडवर फारच पुसट येतोय. ६०० वर घेऊ, की रंगाची सेटिंग वेगळी ठेवू?

जुनाकागद | १४ जुलै, रात्री १०:४८

६०० नको, त्यानं पुसटपणा जात नाही. ३०० रंगीतच, आणि यंत्राची उजळपणा, कॉन्ट्रास्ट यांची आपोआप दुरुस्ती बंद ठेवून मूळ चित्र घ्या. मग त्याची एक प्रत काढा आणि लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग वेगवेगळे करड्यात उघडून बघा. जांभळी शाई हिरव्यात सगळ्यात गडद उठते. पाच पानांना काळा कार्डशीट न लावताही एकदा घ्या, पातळ कागदावर कधी कधी पांढऱ्या पाठीनं अक्षर जास्त खुलतं. दोन्ही ठेवा. आणि ती यादी उद्याच हातानं उतरवून काढा.